त्यांनी म्हणजे कोणी?

घाटकोपर

मुंबईला कुणी नोकरीसाठी जातं, कुणी लग्नकार्याला, कुणी मोठ्या डॉक्टरला दाखवायला. मी गेले ती एक प्रश्न विचारायला. दिवाळीची सुट्टी होती. कऱ्हाडच्या शाळेत मी मराठी शिकवते, त्यातही व्याकरण माझ्या वाट्याला, त्यामुळे सुट्टीत मला आग्रहाने कुणी बोलावत नाही. बोलता बोलता चुका काढणारी पाहुणी कुणाला हवी असते? घाटकोपरच्या सुमनने, माझ्या मावसबहिणीने, तेवढं "ये गं, जागा आहे" म्हटलं. तेवढ्यावर मी पिशवी भरली.

प्रश्न माझ्या वडिलांविषयी होता. मी आईच्या पोटात असताना ते पलटणीबरोबर बोटीने सिंगापूरला गेले. सिंगापूर पडलं, जपान्यांनी त्यांना कैद केलं आणि पुढे कुठल्याशा बेटावर विमानांची धावपट्टी करायला नेलं. तिथे एका सकाळी त्यांना खांबाला बांधलं, पाणी दिलं नाही, आणि ते गेले. परत आलेल्या एका जवानाने आईला एवढंच सांगितलं होतं. बांधायला कुणी सांगितलं, हे त्याला माहीत नव्हतं. आईने हा प्रश्न जन्मभर विचारला. तवा तापत ठेवून विचारायची, देवापुढे बसून विचारायची, आणि उत्तर देणारं घरात कुणी नसायचं. गेल्या वर्षी ती गेली. घरात मी एकटी उरले, आणि तिचा प्रश्न.

आमच्या गावातले एक म्हातारे सुभेदार तेराव्याला आले, तेव्हा बोलून गेले की लढाई संपल्यावर त्या छावणीच्या जपानी अधिकाऱ्यांवर खटला चालला होता आणि त्यात दुभाषी म्हणून काम केलेला आपला एक मराठी माणूस मुलुंडला राहतो. एवढ्या धाग्यावर मी निघाले. मूर्खपणा म्हणा. आईने म्हटलं असतं, "जा."

सुमनच्या घरी पाय ठेवला आणि पहिला धक्का बसला तो बोलण्याचा. तिची सून सासूला "ए मम्मी, तू गप ना यार" म्हणते आणि सासू हसते. आमच्याकडे सून सासूला तू म्हणाली असती तर भावकी बसली असती. वाणी मला "काय पाहिजे तुला मावशी" म्हणतो आणि मोठ्या प्रेमाने जास्तीचा कढीपत्ता देतो. सगळं शहर एकमेकांना तू म्हणतं, आणि कुणालाच कुणाकडे बघायला वेळ नाही. सकाळी आठाच्या आत घर रिकामं होई. झाकून ठेवलेलं ताट, टेबलावर किल्ली, आणि "इंदू, फ्रिजमध्ये ढोकळा आहे, लाजू नको" असं दारातून ओरडलेलं वाक्य, एवढी माझी सोबत. ढोकळा शेजारच्या गुजराती बाईंनी दिलेला, हलका, गोडसर. मी तो उभ्यानेच खायची. एकटीसाठी पाट मांडून बसायची सवय मला अजून झालेली नाही.

भाऊबीजेला सुमनकडे तिचे तिन्ही भाऊ येणार होते. मला सख्खा भाऊ नाही. मी मुलुंडला जायला तोच दिवस निवडला.

मुलुंड

दुभाष्याचं नाव आगाशे. तिसऱ्या मजल्यावरचं नीटनेटकं घर, गॅलरीत तुळस आणि मागे डोंगर. आगाशे सत्तरीच्या आतबाहेरचे, इस्त्रीचा लेंगा घातलेले आणि बोलायला इस्त्रीपेक्षा कडक. त्यांनी मला अहो-जाहो केलं तेव्हा इतक्या दिवसांनी बरं वाटलं. आगाशेबाईंनी चिवडा दिला आणि त्या आत गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

"विचारा," ते म्हणाले. "मात्र मी ऐकीव काही सांगत नाही. जे घडलं ते सांगेन."

घडलं ते असं. लढाई संपली तेव्हा आगाशे पलटणीच्या कचेरीत नवे कारकून होते आणि इंग्रजी बऱ्यापैकी येणारे. जिवंत सापडलेल्या कैद्यांच्या जबान्या घ्यायला गोऱ्या अधिकाऱ्याबरोबर त्यांना पाठवलं. माझ्या वडिलांचा मृत्यू डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस शिल्लक होता, कोकणातला विश्राम परब. तो इस्पितळात खाटेवर होता, हाडांचा नुसता सापळा. तिथेच त्याची जबानी झाली. पुढे तो कागद कोर्टात वाचला गेला तेव्हा आगाशे हजर होते.

"मग छावणीच्या मोठ्या अधिकाऱ्याला शिक्षा झाली?"

"नाही. या आरोपातून सुटला."

मी चिवड्याची बशी खाली ठेवली.

"साक्षच तशी होती," आगाशे म्हणाले. "बांधणाऱ्या पहारेकऱ्यांचं म्हणणं, आम्हाला वरून हुकूम होता. वरचे म्हणाले, आम्ही दिला नाही, पहारेकऱ्यांनी आपल्या मनाने केलं. प्रश्न एवढाच होता की हुकूम कुणी दिला. आणि हा परब सांगतो काय, तर वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दिला. म्हणजे अनेक जणांनी मिळून. मी तीन वेळा विचारलं, कोणी? तीनही वेळा अनेकच. एकाकडे बोट दाखवीना. बचावाच्या वकिलाने विचारलं, अनेक म्हणजे नेमके कोण? याचं उत्तर कागदात नव्हतं. सगळ्यांनी केलं म्हणजे कुणीच केलं नाही, असं झालं."

"त्यांनी असं का सांगितलं असेल?"

"घाबरला असेल. उपाशी माणूस, ताप डोक्यात चढलेला. मी मात्र शब्दाला शब्द ठेवला. दुभाष्याने पदरचं घालायचं नसतं."

निघताना त्यांनी परबांचा ठावठिकाणा सांगितला. परब पुढे गिरणीत लागले, आता म्हातारपणी वेसाव्याला मुलाकडे असतात, मुलगा बर्फाच्या कारखान्यात आहे. जिना मी पाय आपटत उतरले. मी संतापले होते. एक माणूस होता ज्याला एक नाव घ्यायचं होतं, आणि त्याने चौघांत वाटून टाकलं. माझी आई मरेपर्यंत विचारत राहिली, ती याच्यामुळे.

पवई

दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या बसमध्ये बसले आणि पवईला उगाचच उतरले. खरं तर उगाच नाही. वेसाव्याला जाऊन त्या म्हाताऱ्याला काय बोलायचं हे माझं ठरत नव्हतं. तलावाच्या काठावर इंजिनियर होणारी मुलं घोळक्याने बसली होती. पलीकडे हिरवी टेकडी, पाण्यात बगळे. आमच्या कृष्णा-कोयनेच्या संगमावर बसलं की कुणी तरी ओळखीचं येऊन "काय बाई, एकट्याच?" विचारतंच. इथे मी तासभर बसले तरी कुणी विचारलं नाही. आधी बरं वाटलं, मग तेच खुपायला लागलं. मी मनातल्या मनात वाक्यं रचली. तुमच्या भित्रेपणाने माझ्या आईचं आयुष्य नासलं. मग "नासलं"ऐवजी दुसरा शब्द शोधला. माणूस भांडायला निघाला तरी मास्तरकी सुटत नाही. शेवटी पुढची बस आली आणि त्यातले निम्मे शब्द तलावावरच राहिले.

वेसावे

वेसाव्याला मी फजिती करून घेतली. बसमधून उतरून "गाव कुठे?" विचारलं, तर डोक्यावर टोपली घेतलेल्या बायांचा एक लोंढा चालला होता, त्यातली एक "चल चल, सुटेल" म्हणाली. मी लगबगीने तिच्यामागे होडीत चढले. होडी खाडी ओलांडून पलीकडे लागली तेव्हा कळलं की हे मढ, आणि वेसावे जिथून निघालो तिथेच राहिलं. "अगं, तुला मढला नव्हतं जायचं? मग चढली कशाला?" बाई हसून हसून बेजार झाली. पैसे न घेता मला परतीच्या होडीत तिनेच ढकललं. संताप घेऊन निघालेल्या बाईची अशी वरात निघाली, म्हणून थोडी शुद्धीवर आले.

गावात दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. आमच्याकडे सुके बोंबील बाजारात मिळतात, पण ते असे ओळीने टांगलेले मी प्रथमच पाहिले. परबांचं घर होड्यांच्या बाजूला होतं, दोन खोल्यांचं. सून दारात जवळा पसरत होती. म्हातारे आत खाटेवर. अंगात बंडी, गळ्यात तुळशीची माळ, डोळे चांगले, कान त्याहून चांगले. चाळीस वर्षं मुंबईत काढूनही बोलणं मालवणीच.

"कोण गो तू?"

"गणपत शिंदे यांची मुलगी. कऱ्हाडहून आले."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू उठून बसले.

"गणप्याचा चेडू? चेडूच झाला तर!" आणि सुनेला हाक मारून म्हणाले, "आयकलंस? गणप्याक चेडू झाला!"

मी पंचेचाळिशीला आलेली, अर्धे केस पांढरे, आणि माझ्या जन्माची बातमी त्या घरात तेव्हा पोचत होती.

"तो बोटीवर माका रोज सांगायचो, चेडूच जातला बघ. मी म्हणायचंय, पोरगो. पैज लागलेली आमची. तेका कळलाच नाय शेवटपर्यंत." त्यांनी डोळे पुसले. "लय हसायचो तो. तुमचो घाटावरचो माणूस, पण मासो माझ्यापेक्षा जास्ती खायचो. आणि गळो? गाऊक लागलो की आमी कानात बोटा घालायचंव."

आता हे वाचणाऱ्याला साधं वाटेल. पण आमच्या घरात वडील म्हणजे "ते". आई त्यांना "हे" म्हणायची, काका "दादा" म्हणायचे, मी "वडील". फोटोला हार घातलेल्या माणसाला आणखी काय म्हणणार? बेसूर गाणारा, पैजा लावणारा, "तो" म्हणावा असा एक बावीस वर्षांचा पोरगा मला कुणी कधी दाखवलाच नव्हता. भांडायचं मी विसरूनच गेले. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "काका, ती सकाळ सांगा."

त्यांनी सांगितली. आवाज खाली आला, पण अडखळले नाहीत.

"सकाळी हजेरी. साहेब इले की सगळ्यांनी कमरेतून वाकाचा. माका ताप होतो. पाय काठयेसारखे. जो पडलो तो गेलो, असो तिथलो कायदो. गणपो माझ्या काखेत हात घालून उभो. तो वाकलो असतो तर मी पडलंय असतंय. म्हणान तो वाकलो नाय. आणि तेनी सांगल्यानी, बांधा हेका. पाणी दिव नकात. दोन दिवस."

"तेनी म्हणजे कोणी?"

"साहेबांनी."

"कुठल्या साहेबांनी?"

"मोठ्या साहेबांनी."

तेच. आगाश्यांनी सांगितलं होतं ते जसंच्या तसं. मगाचा संताप पुन्हा वर आला आणि मी जवळजवळ ओरडलेच, "अहो, पण किती जण होते हे मोठे साहेब?"

म्हातारे माझ्याकडे असे पाहू लागले, जणू ही बाई कधी शाळेत गेलीच नाही.

"किती म्हणजे? मोठे साहेब एकच असतत."

दर जूनमध्ये मी फळ्यावर लिहिते: आदरार्थी बहुवचन. माणूस एक, पण मान द्यायचा म्हणून त्याला अनेकांचा प्रत्यय लावतात. बाबा आले. गुरुजी म्हणाले. साहेबांनी सांगितलं. आपल्या पोराटोरांना हे कळतं, कुणाला शिकवावं लागत नाही. इंग्रजीत अशी सोय नाही. खाटेवरच्या अर्धमेल्या शिपायाने एका साहेबाला मान दिला, आगाश्यांनी शब्दाला शब्द ठेवला, आणि कागदावर एकाचे अनेक झाले. तीन वेळा "कोणी" विचारलं, "किती" एकदाही नाही, आणि तीन वेळा त्या माणसाने खरंच सांगितलं. आणि त्या मानाच्या आडोशाने साहेब निघून गेला.

हे त्यांना सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला. सत्तरी ओलांडलेला माणूस, आपण साक्ष दिली या समाधानावर जगलेला. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"का इचारलंस, किती जण म्हणान?"

मी सांगितलं. जमेल तितकं हळू, जमेल तितकं सोपं. सून चहा घेऊन आली आणि कप हातात तसाच धरून उभी राहिली.

"मगे साहेब सुटले?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सुटले."

बाहेर कुणी तरी होडीला ठोकत होतं. मला वाटलं, मी आले नसते तर बरं झालं असतं.

"माका कोणी सांगूक नाय," ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पण दुसरा काय म्हणतलंय मी? पोरगो असताना गावात देवी इल्यो. आता देवीचो रोग, निम्मो गाव खाल्ल्यान. पण आवस म्हणायची, देवी 'इल्यो' म्हण, 'इली' म्हणा नको. ज्याचा भय, तेका मान. तीच जीभ घेऊन मी पलटणीत गेलंय."

खरंच आहे. आमच्याकडेही देवी "आल्या"च म्हणतात. मला हे फळ्यावर कधी सुचलं नव्हतं.

"काका, आता म्हणा," मी म्हटलं. "आता कसलं भय? 'त्याने सांगितलं' म्हणा."

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मग मान हलवली. "नाय गो. 'तो' मी गणप्याक म्हणतंय. 'तो' म्हणजे आपलो. त्या माणसाक आणि गणप्याक एकच शब्द? माझ्यान जमाचा नाय."

सुनेने हळूच सुचवलं, "जनावर म्हणा ना, मामंजी." कोकणात सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात.

"त्या जनावरान..." त्यांनी सुरुवात केली, आणि थांबले. "नाय. तसा नाय. जनावराक कोण जाब इचारता? साप चावलो तर सापार खटलो नाय घालणत." ते भिंतीला धरून उभे राहिले. मी आधार द्यायला उठले तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. एकटे उभे राहिले, पाय जुळवून, हात बाजूला, नजर समोर, जिथे सुनेने कपडे टाकायची दोरी बांधली होती तिथे.

"मी विश्राम परब, शिपाय. गणपत शिंदे माका धरून होतो, म्हणान वाकलो नाय. एका माणसान सांगल्यान, बांधा. एका माणसान सांगल्यान, पाणी दिव नकात. एका माणसान."

मग ते बसले. घाम आला होता. चहा थंड झाला होता, तो त्यांनी एका दमात पिऊन टाकला.

"आता जा. तुझ्या आवशीक सांग."

"आई गेली, काका. गेल्या वर्षी."

"भाऊ?"

"नाही."

"घोव, पोरा?"

"कुणी नाही."

हे मी आजवर खूप जणांना सांगितलं आहे, बसमध्ये, लग्नात, सुमनच्या शेजारणींना. दर वेळी हसून सांगते. त्या दिवशी हसता आलं नाही. आईचा प्रश्न सुटला होता, उत्तर माझ्या पदरात होतं, आणि ते घेऊन जायला घर नव्हतं. मी त्या परक्या खोलीत रडले. सून शेजारी येऊन बसली.

म्हातारे वाट बघत राहिले. माझं झाल्यावर म्हणाले, "मगे माका सांग."

"तुम्हाला? तुम्हीच तर सांगितलंत."

"मी आज हंय, उद्या नाय. तुझ्या तोंडातसून बरोबर येता काय ता बघूक होया. उभी रव."

मी उभी राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांना उभं करून म्हणायला लावणारी मी, पदर सावरला आणि सुरुवात केली. "माझे वडील, गणपत शिंदे, ते..."

"कोण ते?" म्हातारे मधेच म्हणाले. "किती जण?"

मी पुन्हा सुरुवात केली.

"माझा बाप गणपत. तो विश्रामला धरून उभा होता. तो वाकला नाही. एका माणसाने सांगितलं, बांधा. एका माणसाने सांगितलं, पाणी देऊ नका."

"बरोबर," विश्रामकाका म्हणाले.